गीतरामायणाआधी सिल्वासा : बाबूजी आपल्या शिवेवर येऊन गेले होते

कैनाड (ता. डहाणू) : येत्या २ ऑगस्टला शेजारच्या सिल्वासात मुक्तिदिन साजरा होईल. झेंडावंदन, भाषणं, शाळेच्या पोरांचे नाच, सगळं असतं. आपल्या डहाणू-तलासरीतली कितीतरी माणसं रोज तिकडे कंपनीत कामाला जातात. त्यांना विचारलं की हा दिवस कशाचा, तर पोर्तुगीज गेले त्याचा, एवढं उत्तर येतं. पण ते घालवायला ऐन पावसाळ्यात जी माणसं आत शिरली त्यांत एक गायक होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी ज्याचा आवाज रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकला, तोच तो गायक. सुधीर फडके. महाराष्ट्र त्यांना बाबूजी म्हणतो.

गीतरामायणाचे सुधीर फडके सगळ्यांना ठाऊक आहेत. मात्र गीतरामायण रेडिओवर सुरू झालं त्याच्या बरोबर आठ महिने आधी हा माणूस तलासरीच्या पलीकडे, दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात होता. दोन गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या, तरी आपण एकच लक्षात ठेवली. दुसरी आपल्या शिवेवरची असूनही विसरलो.

फडक्यांचा जन्म २५ जुलै १९१९ चा, कोल्हापूरचा. पाळण्यातलं नाव रामचंद्र. पुढे सुधीर झालं आणि तेच राहिलं. वडील वकील होते. पण आई लहानपणीच गेली आणि घराची घडी विसकटली. गाण्याचं शिक्षण कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे झालं. याशिवाय त्यांनी दोन गुरू मनाने केले होते, बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर. त्यांच्या तबकड्या ऐकून ऐकून गळा घडवला. म्हणजे पुढे ज्याच्या तबकड्या लोकांनी ऐकल्या, तो स्वतः तबकड्यांचाच शिष्य.

मग आले ते वाईट दिवस. पोटासाठी मुंबई गाठली, चहा विकला, भाजी विकली. उपाशी झोपले. नंतर गाण्याचे छोटे-मोठे कार्यक्रम करत उत्तरेकडे भटकले, पार कलकत्त्यापर्यंत. कुठे बिदागी मिळाली, कुठे नुसता नमस्कार. हे सगळं त्यांनी स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवलंय. ‘जगाच्या पाठीवर’ या नावाने ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. आत्मचरित्र पूर्ण करणं काही त्यांना जमलं नाही, पण त्यात भूक जशी लिहिलीय तशी फार कमी गाणाऱ्यांनी लिहिली असेल. रोजगारासाठी गाव सोडणाऱ्या आपल्या पोरांनी ते जरूर वाचावं.

१९४१ मध्ये ते एचएमव्ही कंपनीत संगीतकार म्हणून लागले आणि १९४६ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आले. तिथून गाडी रुळावर आली. ग. दि. माडगूळकरांशी जोडी जमली. राजा परांजपे यांच्या चित्रपटांना त्यांचं संगीत असायचं. ‘लाखाची गोष्ट’ आला १९५२ मध्ये, ‘ऊन पाऊस’ १९५४ मध्ये. १९४९ मध्ये त्यांनी ललिता देऊळकर यांच्याशी लग्न केलं. त्या हिंदी चित्रपटांत नाव कमावलेल्या पार्श्वगायिका होत्या. त्या लग्नात मंगलाष्टकं म्हटली महंमद रफींनी. संघाचा स्वयंसेवक नवरदेव आणि मंगलाष्टकं म्हणायला रफी! आजच्या दिवसांत हे वाचून दोन्हीकडचे लोक थोडे थांबतील.

आता रेडिओचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुंबईचं आकाशवाणी केंद्र तसं जुनं, १९२७ सालचं. पण पन्नासच्या दशकात दिल्लीत बा. वि. केसकर नावाचे माहिती व प्रसारण मंत्री आले. आपलेच मराठी माणूस. त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे उथळपणा वाटायचा. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५२ च्या शेवटी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश तिकडे गेला. मग आकाशवाणीला जाग आली. सिनेमाचं नको पण लोकांना ऐकावंसं वाटेल असं काहीतरी हवं, म्हणून कवी, संगीतकार, गायक यांना बोलावून सुगम संगीत तयार करून घ्यायला सुरुवात झाली. मराठीतली कितीतरी भावगीतं या गरजेतून जन्मली. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झालं. नवं केंद्र, त्याला नवं काहीतरी करून दाखवायचं होतं.

पण त्याआधी १९५४ चा पावसाळा.

तेव्हा आपला पालघर जिल्हा नव्हता, ठाणे जिल्हा होता, तोही मुंबई राज्यातला. उंबरगाव तालुकाही ठाण्यातच होता, तो १९६० मध्ये गुजरातेत गेला. आणि मध्येच पोर्तुगिजांचा मुलूख होता, दादरा आणि नगर हवेली मिळून ७२ गावं. दमणपासून तुटलेला, चारी बाजूंनी भारत. राहणारे बहुतेक वारली, कोकणा, धोडिया. म्हणजे आपलेच सोयरे. इकडची लेक तिकडे दिलेली, तिकडची सून इकडे आणलेली. इंग्रज जाऊन सात वर्षं झाली तरी त्या सोयऱ्यांकडे पोर्तुगीज शिपाई होताच.

फडके या कामात नुसते गाणं म्हणायला आले नव्हते. राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, नाना काजरेकर या मंडळींबरोबर ते आखणीपासून होते. लढा म्हटला की हत्यारं लागणार, हत्यारांना पैसा लागणार. पैसा कुठून आणायचा? फडके लता मंगेशकरांकडे गेले. लताबाईंनी पुण्यात हिराबागेत कार्यक्रम केला, एक पैसा न घेता. तिकिटाचे पैसे लढ्याच्या कामी आले. गाण्यावर पैसा उभा करून बंदुका घेतल्या, असं उदाहरण दुसरं मला तरी माहीत नाही.

२१-२२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या लोकांनी दादरा घेतलं. तिथे अनिसेतो रोझारिओ हा पोलीस अधिकारी मारला गेला. २८ जुलैच्या रात्री नरोली गेली. आणि १ ऑगस्टच्या रात्री आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासाकडे निघाले. २ ऑगस्टला सकाळी सिल्वासा मोकळं झालं. या लढ्यात फडके होते. ललिताबाईंचाही या कामात वाटा होता, लग्नाला पाच वर्षंच झाली होती तेव्हा.

आपल्याकडचे शेतकरी कल्पना करू शकतील ते दिवस कसे असतील. आवणीचा भर, नद्या फुगलेल्या, ओहोळ आडवे, वाटेवर घोट्याच्या वर चिखल, रात्री हातभर अंतरावरचं दिसत नाही. या वाटेला सरावलेल्या माणसाचीही तारांबळ उडते. हा तर स्टुडिओत पेटी घेऊन बसणारा माणूस.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपली आहे. सिल्वासाच्या मुक्तीच्या दोन गोष्टी आपल्या भागात सांगितल्या जातात. एका गोष्टीत संघाचे आणि आझाद गोमंतक दलाचे लोक असतात, फडके असतात, आणि बाकी कोणी नसतं. दुसऱ्या गोष्टीत लाल बावटा असतो. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, १९४५ च्या वारल्यांच्या लढ्यात तयार झालेले इकडचे कार्यकर्ते त्याच दिवसांत हद्द ओलांडून नगर हवेलीच्या गावांत गेले होते. या दुसऱ्या गोष्टीत फडके नसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोघे वेगळ्या वाटांनी आत गेले, एकमेकांवर त्यांचा भरवसा नव्हता, तरी पोर्तुगीज दोघांनाही नको होता. नंतर ज्याने त्याने आपापली गोष्ट ठेवली, दुसऱ्याची गाळली. पुण्या-मुंबईच्या माणसांची नावं निदान पुस्तकांत आली. आपल्या पाड्यांवरून गेलेल्यांची तेवढीही कुठे फारशी आली नाहीत. मला विचाराल तर या सगळ्यात हेच जास्त खटकतं.

पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो उरलेले शिपाई घेऊन खानवेलकडे मागे सरला आणि ११ ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा म्हणजे आपलं तलासरी तालुक्यातलंच. रोज त्या नाक्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? पुढे पोर्तुगाल हेगच्या जागतिक न्यायालयात गेलं. १९६० मध्ये निकाल आला, त्यात भारताच्या मुलखातून लष्कर, सशस्त्र पोलीस किंवा दारूगोळा न्यायचा हक्क पोर्तुगालला नाही असं ठरलं. तोवर मोकळा झालेला मुलूख स्वतःचा कारभार स्वतःच बघत होता. भारतात तो रीतसर सामील झाला १९६१ मध्ये.

फडके परत गेले, पेटीवर बसले.

पुणे केंद्रावर सीताकांत लाड कार्यक्रमाचे अधिकारी होते, माडगूळकरांचे मित्र. वर्षभर दर आठवड्याला एक गाणं आणि त्यातून सगळं रामायण, अशी कल्पना निघाली. शब्द माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी. सकाळी पहिलं गाणं वाजलं. त्या पहिल्या गाण्याची गंमत अनेकांनी सांगितलीय. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला. वेळ तर अजिबात नव्हता. माडगूळकर चिडले, पुन्हा लिहायला तयार होईनात. शेवटी लाडांनी त्यांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली. थोड्या वेळाने गाणं तयार झालं आणि तेच मराठी घराघरांत गेलं.

ठरलं होतं वर्षभराचं. पण त्या साली अधिक मास आला, त्यामुळे ५२ ची ५६ गाणी झाली. शेवटचं गाणं १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला झालं. रामाची गाणी फडके स्वतः गात. बाकीच्या पात्रांना माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, मालती पांडे, सुरेश हळदणकर अशी मंडळी. ललिताबाईही गायल्या. दर आठवड्याला नवीन काव्य, नवीन चाल, नवीन गायक, तालीम आणि प्रसारण, असं छप्पन्न वेळा. शेतात सलग छप्पन्न आठवडे एक खाडा न करता काम करून बघा म्हणजे कळेल. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावून ऐकायला बसत. मागणी एवढी की इतर केंद्रांनीही ते लावलं, बाकीच्या भाषांत भाषांतरं झाली. १९५७ च्या दसऱ्याला सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं, १९६५ मध्ये तबकड्या निघाल्या. फडक्यांनी पुढे गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम शेकड्यांनी केले.

आता खरं बोलायचं तर १९५५ मध्ये आपल्या कैनाडच्या बाजूला हे कितपत पोचलं असेल? पाड्यांवर वीज कुठली, रेडिओ कुठला. सुरुवातीचे रेडिओ पेटीएवढे, विजेवर नाहीतर जड बॅटरीवर चालणारे, आणि पोस्टातून परवाना काढावा लागे. त्याच पुणे केंद्राने १९५६ मध्ये पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ ऐकणारी शेतकरी मंडळं काढून मोठा प्रयोग केला, पण त्या पाचांत आपला जिल्हा नव्हता. आपल्याकडे बाबूजी आले ते उशिरा, ट्रान्झिस्टरबरोबर. चार सेल घातले की चालू. तो बांधावर नेता येई, चिकूच्या फांदीला टांगता येई. मीडियम वेव्हवर दिवसा मुंबई केंद्र लागे. अंधार पडला की लांबलांबची केंद्रं एकमेकांवर चढत, कारण रात्री या लहरी आभाळातल्या थरावर आपटून दूरवर जातात. मग मराठी गाण्याच्या मागून गुजराती बातम्या, त्याच्या मागून आणखी काही.

फडक्यांचा आवाज या खरखरीतूनही कळायचा. हे मी माझ्या कानाने सांगतो, आमच्या घरी नव्वदच्या दशकातही मुंबई केंद्रच लागायचं. ‘आपली आवड’ असो की ‘कामगार सभा’, गाणं कोणाचं ते पहिल्या दोन शब्दांत समजे. याचं कारण त्यांचे उच्चार. फडके शब्दाच्या बाबतीत फार कडक होते. अक्षर अर्धं खाल्लेलं त्यांना चालत नसे, गाणारा कितीही मोठा असो. कुठे श्वास घ्यायचा, कुठे शब्द तोडायचा नाही, हे ते गायकांकडून घोटून घेत. काही गायकांना तो जाचही वाटला असणार. पण ज्या माणसाच्या घरात वारली बोलतात आणि मराठी शाळेत भेटते, त्यालाही त्यांचं गाणं ऐकताना शब्द न् शब्द लागतो. मुंबईतल्या मोठ्या रेडिओवर ऐकणाऱ्याला ही गोष्ट जाणवणार नाही. आमच्याकडे ती फार मोठी होती. मराठीचे कितीतरी अवघड शब्द मी पुस्तकाआधी त्यांच्या गाण्यात ऐकले.

एक मात्र खरं की रेडिओवर ही गाणी जेवढी वाजली तेवढा आमचा तारपा वाजला नाही. तो दोष फडक्यांचा नाही. पण रेडिओने सगळं दिलं असं म्हणताना ही बाजूही बोलली पाहिजे.

सिनेमातही त्यांचं काम चालूच होतं. १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’, १९६१ चा ‘सुवासिनी’, १९७२ चा ‘आम्ही जातो अमुच्या गावा’. हिंदीत १९६१ च्या ‘भाभी की चूडियाँ’ला त्यांचं संगीत आहे. त्याची गाणी लिहिली पंडित नरेंद्र शर्मांनी, आणि हेच शर्मा विविध भारतीचे पहिले प्रमुख. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, ती रेडिओ सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणायला. म्हणजे केसकरांनी ज्या दारातून सिनेमाची गाणी बाहेर काढली, त्याच दारातून ती पाच वर्षांत परत आत आली.

पण फडक्यांच्या डोक्यातून सिल्वासा आणि गोवा गेले नव्हते. गोव्याच्या लढ्यातले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले होते. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, सगळीकडे आनंद झाला, आणि रानडे तिकडेच राहिले. लोक विसरले. फडके विसरले नाहीत. विमोचन समिती काढून वर्षानुवर्षं मागे लागले, पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी पोपसाहेबांकडे रानडेंसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गाणं लोकप्रिय असताना, कामं समोर पडलेली असताना, एका कैद्यासाठी एवढी वर्षं घालवणारा संगीतकार. मला गीतरामायणाइतकंच हे मोठं वाटतं.

उतारवयात त्यांनी सावरकरांवर चित्रपट काढायचं घेतलं. पैसा लोकांकडून, वर्गणीने आणि गाण्याच्या कार्यक्रमांतून. दिग्दर्शक बदलले, वर्षं गेली, तब्येत खचली. २००१ मध्ये ‘वीर सावरकर’ पडद्यावर आला. त्यांचे विचार सगळ्यांना पटणारे नव्हते. आपल्या तालुक्यांत तर न पटणारेच जास्त निघतील. त्या वर्षांत त्यांनी नुसती गाणी केली असती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. पण हाती घेतलेलं टाकायचं नाही हा त्यांचा स्वभाव, आणि त्याच स्वभावाने रानडे सुटले होते.

२९ जुलै २००२ ला मुंबईत बाबूजी गेले. वयाची ८३ वर्षं पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. मुलगा श्रीधर फडके यांनीही संगीतात नाव केलं. २०२४ मध्ये ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ हा चित्रपट आला, त्यामुळे नव्या पोरांना नाव तरी कळलं. बोरिवलीत त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. डहाणू लोकलने बोरिवलीला उतरणारे आपले कितीतरी लोक त्या पुलाखालून जातात.

शेवटी एक विनंती. १९५४ च्या पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून हद्दीपलीकडे गेलेली माणसं आता हयात असतील तर नव्वदीच्या आसपास असतील. तुमच्या घरात, शेजारात अशा कोणाची आठवण, फोटो, जुना कागद असेल तर या पोर्टलकडे कळवा. गेलेला माणूस लाल बावट्याचा होता की दुसऱ्या कोणाचा, हे विचारणार नाही. नाव आणि पाडा सांगा, छापू. २ ऑगस्टच्या आत आलं तर त्याच दिवशी.